त्र्यंबकराव वकिलांची नजीर

गुन्हा केलास का, हे त्र्यंबकराव वकील आरोपीला आधी कधीच विचारत नसत. ते विचारत, "रानात काय उभं हाय?" आरोपी चक्रावून जाई. बेड्यांच्या भीतीनं घाम फुटलेला माणूस समोर बसलाय आणि हा वकील पिकाची चौकशी करायलाय! कुणी तूर सांगे, कुणी भुईमूग. मग त्र्यंबकराव बोटांवर नक्षत्रं मोजत आणि म्हणत, "काढणीच्या आत घरी येशील असं बघतो. निर्दोष सोडवतो असं म्हणणारे वकील परभणीत लय हायेत. ते पाहिजे असंल तर त्यांच्याकडं जा."

मला याची चीड येई. निर्दोष माणसाला निर्दोष का म्हणायचं नाही? शिक्षा आधीच कबूल करून तिच्यात घासाघीस करायची ही कसली वकिली? मी त्यांच्याकडे नकला उतरवायच्या कामाला होतो. हैदराबाद संस्थानातल्या शाळेत उर्दू शिकावंच लागलं होतं, अक्षर बरं होतं, आणि राज्याविरुद्धच्या चळवळीतल्या माणसाला दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं. त्र्यंबकराव मला "पुढारी" म्हणत. "या पुढारी. आज राज्य उलथलं का दुपारनंतर उलथायचंय? तवर एवढे दोन अर्ज उतरवून द्या."

दिसायला माणूस अगदी साधा होता. अदालतीत घालायची काळी शेरवानी एकच, आणि तिच्या गळ्याचा आकडा कधी लागत नसे. म्हणून ते एक हात गळ्याशी धरूनच बोलत. मुन्सफाला, म्हणजे न्यायाधीशाला, ती अदब वाटे. काखेत लाल फडक्याचं गाठोडं, आणि गाठोड्यात नजिरा. नजीर म्हणजे जुन्या खटल्याचा फैसला, नव्या खटल्यात न्यायाधीशापुढं ठेवायचा. बायका पातळं जपतात तशा त्र्यंबकराव नजिरा जपत. उन्हाळ्यात त्यांना ऊन देत, कसर लागू नये म्हणून मध्ये कडुलिंबाचा पाला घालत.

एका मार्गशीर्षात राणीसावरगावचा सखाराम आला. जामिनावर सुटलेला, सोबत बायको गिरजाबाई. त्याच्या घरात आज्याच्या वेळची ठासणीची बंदूक सापडली होती. परवाना नाही. पोलीस पाटलाशी बांधावरून वाजलं होतं, त्यानं खबर दिली.

"रानात काय उभं हाय?"

"ज्वारी, सायेब. पोटऱ्यात आलीया. डुकरं लय माजलीत."

"त्या बंदुकीनं मारलं का एखादं?"

"तिच्यानं कुटलं मरतंय! बार काडला की भितंय निस्तं. मोठ्ठा आवाज हाय, दुसरं काय न्हाई."

"आमच्या म्हाताऱ्यावानीच हाय ती," गिरजाबाई नवऱ्याकडं बघत बोलून गेली, आणि एवढ्या काळजीतही त्र्यंबकराव खदखदून हसले. मग तिनं पदर सावरून विचारलं, "सुटतेल का सायेब? मी एकली रान राखू शकत न्हाई."

"हुरड्याच्या आत घरी," त्र्यंबकराव म्हणाले. एरवी ते "बघतो" म्हणत. या वेळी म्हणाले नाहीत.

आठ दिवसांसाठी ते हैदराबादेला गेले आणि एक नक्कल घेऊन आले. आल्या आल्या, चहासुद्धा न घेता, त्यांनी ती माझ्यासमोर उलगडली. "सोनं सापडलं हो पुढारी! याच्या दोन प्रती काढा."

मी वाचत गेलो आणि माझं डोकं तापत गेलं. हैदराबाद शहरातला कुणी बडा सरदार. हवेलीत बिनपरवान्याची दोन पिस्तुलं सापडली. फैसला काय? हत्यारं वाडवडिलांपासून घरात आहेत, आरोपीचा हेतू वाईट नाही. सबब अदालत उठेपर्यंत कैद. म्हणजे काय, तर संध्याकाळपर्यंत कचेरीतल्या बाकावर बसून राहायचं, आणि मग बग्गीत बसून घरी! वर पिस्तुलंही परत.

"हा न्याय आहे?" मी ओरडलोच.

"न्याय कुठं म्हणलं मी? नजीर हाय."

"सरदार सुटला याचा तुम्हाला आनंद होतो, काका?"

"हे बघा, सरदार ज्या दारातून भाईर पडला ते दार अजून उघडं हाय. त्याची पिस्तुलं वाडवडलांची, सखारामाची बंदूक आज्याची. त्याच दारातून ह्याला हळूच भाईर काढायचा. तुमी तिथं उभं राहून बोंब मारू नका. दार लागंल."

मी प्रती काढल्या. दोन त्यांच्या गाठोड्यासाठी. तिसरी माझ्यासाठी.

आता लिहितोच. दुसऱ्या दिवशी मी आगगाडीनं पिंगळीला गेलो. तिथं एका सोबत्याच्या कडब्याच्या खोलीत आमचं छापायचं यंत्र होतं. भर दुपारी बसून पत्रक काढलं: "शहरात पिस्तूल, मुभा! रानात बंदूक, बेडी!" सरदाराचा फैसला शब्दशः दिला. मुन्सफांना सवाल केले. आणि शेवटची ओळ, जिचा मला फार अभिमान वाटला होता: "राणीसावरगावच्या सखारामाला काय न्याय मिळतो ते रयत डोळ्यांत तेल घालून पाहते आहे!" खाली नाव नव्हतं. आमच्या पत्रकांवर नाव नसेच. सुनावणीच्या सकाळी अदालतीची भिंत, पाणपोई, टांग्यांचा अड्डा, सगळीकडे ते चिकटलेलं होतं.

मी मागच्या बाकावर बसलो होतो. खुशीत होतो. त्र्यंबकराव गळ्याशी हात धरून उठले, म्हणाले, "हुजूर, एक नजीर पेश करतो." मुन्सफांनी टेबलावरचं पत्रक दोन बोटांनी उचललं.

"वकीलसाब, ये वही फैसला है ना, जो दीवारों पर चिपका है?"

त्र्यंबकरावांनी हातातली नक्कल खाली केली.

"आज मैं इसे मान लूँ, तो कल शहर कहेगा, मुन्सिफ पर्चे से डर गया. और ये आदमी तो इन्हीं लोगों का निकला."

इन्हीं लोगों का! ज्यानं आयुष्यात एक सभा पाहिली नव्हती तो सखाराम आमचा माणूस ठरला. डुकरं भिववणारी बंदूक बंडाची बंदूक झाली. दीड वर्ष सक्तमजुरी.

सखारामाला शब्द कळला, हिशेब कळला नाही. तो त्र्यंबकरावांकडे वळला. "सायेब, दीड वर्स म्हंजी कंची ज्वारी?"

"म्हंजे औंदाची न्हाई," त्र्यंबकराव म्हणाले, "आन पुढच्या सालची बी न्हाई."

गिरजाबाई रडली नाही. तिनं नवऱ्याच्या डोक्याचं पागोटं मागून घेतलं, नीट घडी घातली आणि काखेत धरून राणीसावरगावच्या वाटेला लागली.

परतताना त्र्यंबकराव मला एकच वाक्य बोलले. "पत्रकाची भाषा झकास होती." ते ओरडले असते तर मी उलटून ओरडलो असतो. माझ्याकडे मुद्दे तयार होते. सरदाराला सोडणं चूक होतं, ते छापणं चूक नव्हतं; आजही नाही. पण भांडायला ते तयारच होईनात. रोज सकाळी "या पुढारी" म्हणत, आणि काम देत. आठ दिवस मी नीट जेवलो नाही. पिंगळीचे सोबती म्हणाले, "अरे, चळवळीत असं व्हायचंच." व्हायचंच? मग आत तुम्ही का नाही?

नवव्या दिवशी त्यांनी सखारामाचं अपील उतरवायला दिलं. तीन प्रती. त्यात एक वाक्य होतं: आरोपीचा पत्रकाशी संबंध नाही; पत्रक लिहिणारा नामालूम. नामालूम, म्हणजे कोण ते ठाऊक नाही. हे मी माझ्या हातानं लिहायचं होतं. पहिल्या प्रतीत लिहिलं. दुसरीत लिहिलं. तिसऱ्या प्रतीला हात थांबला. टाकावरची शाई वाळेपर्यंत बसून राहिलो. मग नामालूमच्या जागी माझं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव लिहिलं, आणि समासात कबुली देऊन सही केली.

त्र्यंबकरावांनी प्रती तपासल्या. तिसरीपाशी चष्मा वर केला.

"नक्कल चुकली तुमची."

"नाही काका. मूळ चुकलंय."

त्यांनी समासातली कबुली पुन्हा एकदा वाचली. "मी मागितलं नव्हतं हे. उद्या तुमी म्हणताल, म्हाताऱ्यानं अडकवलं."

"नाही म्हणणार."

"हा कागद गेला की तुमाला उचलतेत, माहीत हाय ना?" मग आत वळून काकूंना म्हणाले, "अहो, आज पुढारी इथंच जेवायलेत."

मला उचललं. माझं वकीलपत्र त्यांनीच घेतलं. मी त्यांना बजावलं होतं, दयामाया मागायची नाही. मी भाषण करणार, पूर्ण शिक्षा घेणार. "करा की," ते म्हणाले. आणि माझी पाळी यायच्या आत उठून, गळ्याशी हात धरून, त्याच मुन्सफांना म्हणाले, "हुजूर, बेवकूफ है. बागी नहीं."

सगळी अदालत हसली. पेशकार कारकून हसला, शिपाई हसला. मुन्सफसुद्धा हसले. माझं भाषण राहूनच गेलं. मला तीन महिने मिळाले. माझ्यासारख्यांना तेव्हा दोन-दोन वर्षं मिळत होती. तुरुंगात पहिला महिना मी फक्त हेच घोकत होतो, की सुटलो की आधी या माणसाशी भांडायचं. भर अदालतीत बेवकूफ! कुणी दिला त्यांना हक्क?

वैशाखात सुटलो. वळकटी घेऊन थेट त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर त्यांची बैठक घातलेली नव्हती. काकू बाहेर आल्या. कपाळ मोकळं होतं. "चैत्रात गेले," त्या म्हणाल्या. "अपिलासाठी हैदराबादला दोनदा गेले, दुसऱ्या खेपेला ताप घेऊन आले. पण निकाल कळला त्यांना."

निकाल असा: कबुलीमुळे सखारामाचा पत्रकाशी संबंध तुटला, वरच्या अदालतीनं नजीर मानली, भोगली तेवढी शिक्षा पुरे. जे दार मी लावलं ते त्यांनी पुन्हा उघडलं होतं. त्याच दारातून. सरदाराच्याच.

मी राणीसावरगावला गेलो. सखाराम बांधावर कुंपणाला काटे लावत होता. मी नाव सांगितलं.

"तुमीच व्हय ते! वकीलसायेब म्हनले व्हते, एका मान्सानं सही केली म्हून सुटलास. बसा की, पाणी आनतो."

"बसत नाही," मी म्हणालो. "ज्या पत्रकापायी तू आत गेलास, ते पण मीच लिहिलं होतं."

तो हातातली काटेरी फांदी तशीच धरून उभा राहिला. खोपीतून गिरजाबाई ऐकत होती. तीच बोलली.

"अर्धं रान डुकरानं खाल्लं. रोज रातच्याला पत्र्याचा डबा बडवून माझे हात गेले. तुमच्या त्या कागदात लिवलं का हे?"

"नाही."

"मंग काय लिवलं?"

सखारामानं फांदी कुंपणात खोचली. मग तो म्हणाला, "बंदूक तेवडी मिळंल का माघारी? वकीलसायेब असते तर मागितली असती."

सरदाराची पिस्तुलं परत मिळाली. सखारामाची बंदूक अजून अदालतीच्या मालखान्यात पडून आहे. यावर पत्रक निघेल, आणि खाली माझं नाव असेल. पण आधी अर्ज. तो मी लिहिला. काकूंनी लाल गाठोडं मला दिलंय, त्यातली सरदाराची नजीर मी अर्जाला जोडली. पेशकार म्हणतो, पुढच्या सोमवारी या. मी दर सोमवारी जातो, मुन्सफांपुढं आवाज खाली ठेवून उभा राहतो, आणि बाहेर आलो की तळपायाची आग मस्तकात जाते. यंदाची ज्वारी पोटऱ्यात यायला आता थोडेच दिवस उरलेत.