अळूसारखी पानं
चिंच कोळताना तो आंबट वास आला की अजूनही माझं डोकं सणकतं. आई पहिल्यांदाच आमच्याकडे अमेरिकेत, बॉथेलला आली होती. सकाळी फिरून येताना ओढ्याकाठच्या दलदलीतली रुंद, हिरवीगार पानं तिने आणली, बेसन, चिंच, गूळ लावून वड्या केल्या, आणि खाजतात का बघायला नेहमीप्रमाणे पहिली वडी स्वतः खाल्ली. मिनिटभरात तिची जीभ सुजली, ओठ टरारून फुगले, लाळसुद्धा गिळवेना. इमर्जन्सीत तोंड धुवून बर्फ दिला, श्वास अडकत नाही ना यावर तासन्‌तास लक्ष ठेवलं. उपचार चोख होते, नाही म्हणत नाही. पण तो डॉक्टर! आईने रुमालात गुंडाळून आणलेलं देठासकट पान चिमटीत धरून, तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "तुमच्यात रस्त्याकडेचं गवत खातात?" अरे, चाळीस रानभाज्या ओळखणारी बाई आहे ती! तिने पान आणलं म्हणून तर तुला विष कळलं! मग त्याने विचारलं, "हे खाण्यासारखं आहे असं हिला सांगितलं कोणी?" आई सुजलेल्या जिभेने कसंबसं बोलली, "कोणी नाही. मीच ठरवलं." सकाळी तेच पान माझ्यासमोर धरून तिने विचारलं होतं, "हे अळूच ना गं?" मीटिंग चालू होती, स्क्रीनवरची नजर न काढता मी म्हणाले होते, "हो गं, असेल." त्या डॉक्टरला मी आजही शिव्या घालते. आईचं उत्तर मात्र मी त्याला इंग्लिशमध्ये जसंच्या तसं सांगितलं होतं.