उघड्या डोळ्यांचं ध्यान

डेपोत बस चालवणाऱ्या बायका चार होत्या, पण ‘ड्रायव्हरबाई’ म्हटलं की सगळ्यांना एकच आठवायच्या. अंगाने थोराड, आणि आवाज असा की हॉर्न बिघडला तरी काम भागलं असतं. सतरा वर्षांत त्यांनी बसला साधा ओरखडा येऊ दिला नव्हता. मग एका दुपारी पुढच्या ट्रकने करकचून ब्रेक मारला आणि त्यातल्या लोखंडी सळया काच फोडून आत घुसल्या. एक सळई बाईंच्या कानाला घासून सीटच्या पाठीत रुतली. तशाही स्थितीत बाईंनी बस कडेला घेतली आणि प्रवासी उतरवले. त्यांच्यातल्या कुणालाही खरचटलं नव्हतं. बाईंच्या कानाला तीन टाके पडले, ते आठवड्यात निघाले.

मनातली भीती मात्र निघेना. कुकरची शिट्टी झाली की बाई मटकन खाली बसायच्या. झोपेत नवऱ्याच्या पायावर कचकन ब्रेक दाबायच्या. नवरा शिंपी. तो म्हणायचा, “रोज लंगडत दुकानात जातो. गिऱ्हाईक विचारतं काय झालं, काय सांगू?” बाई हसायच्या, पण पुन्हा बसमध्ये चढल्या तेव्हा स्टिअरिंगवर हात बधिर झाले, अंगाला दरदरून घाम फुटला, आणि त्या तशाच खाली उतरल्या. मॅनेजरने त्यांना चौकशीच्या खिडकीवर बसवलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं, आणि वर म्हणाल्या, “योगाच्या वर्गालाही जा. तुमचं शरीर घाबरलंय. त्याचीही कुणीतरी समजूत काढायला हवी.”

वर्ग वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवायचे एक निवृत्त पी.टी. सर. तीस वर्षं मुलांकडून कवायत करून घेतलेला माणूस! पहिल्याच दिवशी सगळे आडवे झाल्यावर सर गरजले, “डोळे मिटा! अंग सैल!” आणि सवयीने त्यांनी फुर्र करून शिट्टी फुंकली.

बाई उठल्या त्या थेट जिन्याखाली. तिथे पोचल्यावर कळलं की सतरंजीही हातात आलीय, आणि तीही शेजारणीची. सर धापा टाकत मागून आले.

“बाई, माझं काय चुकलं?”

“शिट्टी.”

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली. “ही आता तुमच्या ताब्यात. आणखी काय?”

“डोळे मिटायला सांगू नका. मिटले की सळई दिसते.”

“मग उघडे ठेवा. आणखी?”

“दार माझ्यासमोर हवं.”

“जागा तुम्हीच निवडा,” सर म्हणाले.

सर नुसतं बोलून थांबले नाहीत. डॉक्टरीणबाईंना भेटून, अशा माणसांना कसं शिकवायचं ते वहीत उतरवून आले. दुसऱ्या दिवसापासून भाषा बदलली. “जमलं तर हात वर घ्या. नको वाटलं तर राहू द्या.” जुनी जीभ मात्र ऐकायची नाही. “सावधा… म्हणजे, सावकाश!” ते म्हणायचे आणि वर्ग खुसखुसायचा.

करायचं ते साधंच होतं. तळपाय जमिनीला टेकलेत हे जाणवू द्यायचं. चार आकड्यांत श्वास घ्यायचा, सहा आकड्यांत सोडायचा. महिनाभर काडीचाही फरक दिसला नाही. सहाव्या आठवड्यात बाई पंख्याकडे बघत शवासनात पडल्या होत्या, आणि जाग आली तेव्हा हॉल रिकामा. दाराशी सर पेपर वाचत बसलेले.

“किती वेळ झोपले मी?”

“एक तास दहा मिनिटं. घोरण्याचं विचारू नका.”

अपघातानंतर बाई पहिल्यांदाच भरदिवसा, बिनघोर झोपल्या होत्या. त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

पुढे सुट्टीच्या दिवशी मॅनेजर रिकाम्या डेपोत एक बस देऊ लागले. पहिल्यांदा नुसतं सीटवर बसायचं, इंजिन बंद. मग इंजिन सुरू. मग गेटपर्यंत. सोबतीला आलेले सर पुढच्या सीटवर दांडी घट्ट धरून बसायचे.

“सर, श्वास सोडा की!”

“तुम्ही सोडा. तुम्ही गेटवर पोचेपर्यंत मी माझा धरून ठेवतो.”

चार महिन्यांनी बाई आपल्या मार्गावर परतल्या. भीती अगदीच गेली असं नाही. सळयांचा ट्रक पुढे आला की हात अजून कानाकडे जातो. मग त्या वेग कमी करून त्याला लांब जाऊ देतात आणि सहापर्यंत श्वास सोडतात.

डेपोत ही गोष्ट लपली नाही. आता दर मंगळवारी पाळी बदलताना आरामखोलीत बाई स्वतः वर्ग घेतात. एक धिप्पाड ड्रायव्हर सुरुवातीला टिंगल करायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बसखाली एक सायकलवाला आला होता, त्याबद्दल तो कुणाशी चकार शब्द बोलत नसे. एका मंगळवारी तो येऊन कोपऱ्यात बसला, बूट न काढता. बाईंनी आकडे मोजणं चालू ठेवलं. तीन आठवडे तो तसाच बसला. चौथ्या आठवड्यात त्याने हळूच बूट काढले, तर मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. खोलीत एकच हशा पिकला. तोही अंगठा हलवून दाखवत पोट धरून हसला, आणि मग सगळ्यांबरोबर श्वास मोजू लागला.