खऱ्या वयांची पुस्तिका

आम्ही तळ्याकाठच्या जुन्या घरात राहत होतो तेव्हा दोन माणसं दारात आली. पायात बूट, हातात पिशवी. म्हणाले, "बाई, पोत काळी पडली तुमची. फुकटात चमकवून देतो." तोवर मला माझ्या गळ्यातली सोन्याची पोत काळी दिसली नव्हती. त्यांनी सांगितल्यावर दिसायला लागली. वाटीतल्या कसल्याशा पाण्यात त्यांनी ती बुडवली, ब्रशने घासली आणि परत दिली. पोत चकचकीत झाली होती. हलकीही झाली होती. अर्धं सोनं त्या वाटीत गेलं, हे सोनाराने सांगितलं तेव्हा मला कळलं.

माझा मुलगा त्यावर दहा-बारा वर्षं हसला. दारात भांडेवाली आली तरी म्हणायचा, "माय, पोत सांभाळ."

पुढे आम्ही गोंडपिपरीला आलो. मुलगा कारकुनीला लागला आणि त्याने घरात कंप्युटर आणला. सुनेला टायपिंग येत होतं. म्हणून समाजाच्या वधू-वर मेळाव्याची पुस्तिका आमच्या घरी आली. प्रत्येक मुला-मुलीचा फोटो, शिक्षण, उंची, वय टाकायचं, बल्लारपूरच्या छापखान्यात द्यायचं. आमची धाकटी मुलगीही त्यात होती. अंगणवाडीत काम करायची. वय एकतीस झालं होतं. नऊ घरची माणसं तिला पाहून गेली होती आणि नऊही घरं पुन्हा बोलली नव्हती. हा मेळावा हुकला तर पुढचा दोन वर्षांनी होता. तोवर ती तेहतीस झाली असती.

आधी सगळ्यांचे हाताने भरलेले फॉर्म आले. सुनेने ते टाइप केले आणि कागद चुलीत घालायला माझ्याकडे दिले. मग खरी गर्दी सुरू झाली. फोटो बदलायचा, असं सांगून लोक यायचे आणि जाता जाता म्हणायचे, "बाई, दोन वर्षं कमी कर ना. शाळेत नाव टाकताना मास्तरनं चुकवलं." सगळ्यांचे मास्तर चुकले होते. कमीच्या बाजूला एकाही मास्तरची चूक झाली नव्हती. आम्हीही आमच्या पोरीचं अठ्ठावीस केलं.

नवे फोटो स्टुडिओतून पेनड्राइव्हवर यायचे. कंप्युटर देणाऱ्याने सुनेला बजावलं होतं, बाहेरचा पेनड्राइव्ह आधी तपासायचा, मगच उघडायचा. तपासायला वेळ लागे. पाहुणे चहा संपवून पडद्याकडे बघत बसत. एका काकाजींनी विचारलं, "काय करून राह्यली, बाई?"

"पेनड्राइव्ह तपासून राह्यली, काकाजी."

"तपासून? आमच्या पोरीचा फोटो आहे त्यात. पोरीत काई खोट आहे काय?"

काकाजी चपला घालून निघाले. त्यांना अंगणातून परत आणावं लागलं. त्या दिवसापासून सुनेने तपासणं सोडलं. सोयरिकीच्या माणसाला संशय आलेला चालत नाही. व्हायरस आलेला चालतो.

पुस्तिका शुक्रवारी छापायला द्यायची होती. बुधवारी कंप्युटर रेंगाळायला लागला. बटण दाबून चहा टाकावा, चहा उकळला की पान उघडावं, असं. मग पडद्यावर एक लाल चौकट आली. सुनेने वाचून सांगितलं, "तुमच्या कंप्युटरात व्हायरस आहेत, इथं दाबा, फुकटात साफ करून देतो, म्हणते."

मी मेथी निवडत होते. मी विचारलं, "याले कोणी बोलावलं होतं?"

मुलगा म्हणाला, "बोलावलं नाई, माय. आपोआप आला."

"मग फुकटात काऊन करून राह्यला?"

"माय, तू चौथी शिकली. मले करू दे."

त्याने दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. मुलगा म्हणाला, "पाह्य, साफ होऊन राह्यलं." झालंच साफ. संध्याकाळी पुस्तिकेतलं एकही पान उघडेना.

बल्लारपूरहून दुरुस्तीवाला गाडीवर आला. पाहिलं आणि म्हणाला, "सगळं पुसून नव्यानं भरा लागते. दुसरीकडं कॉपी ठेवली होती ना?"

"ठेवली ना," मुलगा म्हणाला. "याच्यातच. दुसऱ्या फोल्डरात."

दुरुस्तीवाल्याने सगळं पुसून टाकलं. आतून धाकटी आली, रिकाम्या पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली. मी मुलाला म्हटलं, "चमकली काय पोत?" बारा वर्षं थांबले होते मी.

सून रडायला लागली तेव्हा मी मागच्या खोलीत गेले. ते फॉर्म मी जाळले नव्हते. मागची बाजू कोरी असलेला कागद मी जाळत नाही. सुकलेल्या मासोळ्या बांधायला ठेवला होता गठ्ठा. पुड्या सोडल्या, कागद झटकले. तीन फॉर्म मासोळ्यांसोबत नातेवाइकांकडे गेले होते. मुलाला पाठवलं. त्यांना सांग म्हटलं, मासोळ्या ठेवून घ्या, कागद तेवढा द्या.

मी वाचायची, सून टाइप करायची. घरात सुकटीचा वास. कोणी येऊन कोणतं वय सांगितलं होतं ते कोणाच्याही लक्षात नव्हतं. फॉर्मवर होतं ते टाकलं, फोटो स्टुडिओतून पुन्हा मागवले. आमच्या पोरीचा कागद आला. मी वाचलं, "एकतीस."

सुनेचा हात थांबला. "आई, अठ्ठावीस करू?"

मुलगा म्हणाला, "कर."

मी म्हटलं, "सगळ्यांच्या पोरी दोन-दोन वर्षांनी वाढल्या अन् आपलीच तेवढी तरणी राह्यली, तर लोक काय म्हणतील? व्हायरस आपणच सोडला म्हणतील."

धाकटी दारात उभी होती. म्हणाली, "एकतीस लिही, वहिनी. मले पाठ करा लागत नाई."

एकतीस छापलं गेलं.

रविवारी मेळाव्यात पुस्तिका वाटल्या. लोक आधी आपलं पान पाहायचे, मग शेजाऱ्याचं. तक्रार करायला कोणी उठेना. उठून सांगायचं काय? आमच्या पोरीचं वय बरोबर छापलं म्हणून? गावची माणसं चारी बाजूला बसलेली.

दुपारी जिवतीकडची एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या मुलाने आमच्या घरी येऊन बत्तीस करून घेतलं होतं, हे मला मागाहून कळलं. छापलं होतं पस्तीस. तिने पुस्तिका उघडली.

"तुमच्या पोरीचं एकतीस छापलं."

"तुमच्या पोराचं पस्तीस."

"कंप्युटरात व्हायरस होता म्हणते."

"होता."

तिने पुस्तिका मिटून पिशवीत टाकली. मग म्हणाली, "बरं झालं, बाई. आता पाहू तरी. पोरगी कुठी बसली?"

लग्न झालं. पहिल्या दिवाळीला जावई आला. जेवण झाल्यावर खिशातून पेनड्राइव्ह काढला, लग्नाचे फोटो आणले म्हणाला. सुनेने तो हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मुलाने भलतीकडे पाहिलं. जावई म्हणजे जावई, त्याला पाट द्यायचा, पाणी द्यायचं, त्याचं काही तपासायचं नसतं.

मी म्हटलं, "तपास."

जावयाला अजून एक चहा दिला. तो पिऊन होईपर्यंत तपासणं चाललं. दोन व्हायरस निघाले.