त्या दिवशी विमान गेलं नाही

नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं पटलं, आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या नवऱ्याला. दोघींनाही त्यांनी आजवर इतकं बोलून ठेवलं आहे की एकमेकींशी भांडायला काही उरलंच नाही.

माझी नणंद रफू करते. दुसऱ्या शहरात एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, काचेजवळच्या टेबलाशी, डोळ्याला भिंग लावून ती दिवसभर लोकांच्या कोटांना पडलेली भोकं बुजवते. कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि भोकाच्या जागी उभा-आडवा विणायचा. काम चांगलं झालं की गिऱ्हाईक म्हणतं, "कुठे होतं भोक? दिसतच नाही," आणि दिसत नाही म्हणून पैसे देताना घासाघीस करतं. एकटी राहते. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही ते कुणाला सांगत बसली नाही, म्हणून नातेवाइकांत ती शिष्ट.

आमच्या घरात तिचं नाव 'गाडीचुकली'. ठेवलं अर्थात ह्यांनी. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा तिने गाडी चुकली म्हणून कळवलं, आणि ह्यांच्या बढतीच्या जेवणालाही तिची गाडीच चुकली. दोन्ही थापा होत्या, मला तिनेच सांगितलंय. भाऊ चारचौघांत "हिचं काय, दुसऱ्यांची भोकं मोजत बसते" म्हणणार, ते ऐकायला पदरचे पैसे खर्चून कोण येईल? मीसुद्धा आले नसते. पण मला इथेच राहावं लागतं.

सासऱ्यांचं दुखणं हाताबाहेर गेलं तेव्हा मीच तिला फोन केला. बसने सकाळी निघालं की पोचायला रात्र होते. तिला तेवढाही धीर नव्हता. मालकाकडून पगारावर उचल घेऊन तिने जन्मातलं पहिलं विमानाचं तिकीट काढलं. सकाळी विमानतळावरून फोन आला, "वहिनी, बाबांना सांग, मी निघालेय." मी सासऱ्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी डोळे उघडले आणि दाराकडे बघायला लागले.

तिकडे फलकावर लागलं, विमान एक तास उशिरा. तासाभराने आणखी एक तास. काउंटरवरची मुलगी दर वेळी गोड हसायची, "थोडाच वेळ मॅडम." एक गार सँडविच हातात दिलं आणि बसवून ठेवलं. सकाळीच 'जात नाही' म्हटलं असतं तर ही बाई बस पकडून रात्री इथे पोचली असती. पण विमान कंपन्यांच्या तोंडून 'नाही' निघत नाही, त्यांना फक्त उशीर होतो. संध्याकाळी विमान रद्द झालं, उद्या या म्हणाले. तोवर सगळ्या बसेस निघून गेल्या होत्या.

इथे सासरे विचारत होते, "आली का?" दुपारी विचारलं, संध्याकाळी विचारलं. दिवे लागल्यावर परत विचारलं तेव्हा हे म्हणाले, "नाही आली बाबा. यायची पण नाही. तुम्ही वाट बघू नका तिची."

मी म्हटलं, "अहो, ताई विमानतळावर अडकल्यात, आत्ताच फोन आला..."

"तू मध्ये बोलू नकोस. चुकली असेल गाडी."

सासऱ्यांनी मान वळवली ती भिंतीकडे. उजाडायच्या आत गेले.

ताई दुसऱ्या दिवशी पोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. दारातच ह्यांनी फोन काढून चार नातेवाइकांसमोर नाचवला. कंपनीच्या साइटवर कालच्या विमानापुढे हिरव्या अक्षरांत 'पोचले' असं लिहिलेलं होतं. रद्द म्हटलं तर भरपाई द्यावी लागते, म्हणून ताई ज्यातून आल्या ते त्या सकाळचं विमान कंपनीने आदल्या दिवसाच्याच नावावर खपवलं होतं. हे म्हणाले, "विमान पोचलं बघा. हीच तेवढी राहिली." मावससासूबाईंनी तोंडाला पदर लावला, रडायला की हसायला देव जाणे.

ताईंनी तक्रार केली ती त्यापायी. कंपनीच्या फॉर्मवर 'किती भरपाई हवी' या चौकोनात त्यांनी लिहिलं, पैसे नकोत, त्या दिवशी विमान गेलं नाही एवढं लिहून द्या. फॉर्म परत आला. त्या चौकोनात फक्त आकडा चालतो म्हणे. मग त्यांनी तिकिटाची किंमत टाकली. काही आठवड्यांनी उत्तर आलं: खराब हवामानामुळे विमान रद्द करावं लागलं, हवामान आमच्या हाती नाही, सबब भरपाई देता येत नाही. ताईंना इतका आनंद झाला! पैसे बुडाले तर बुडाले, 'रद्द' हा शब्द तर आला. त्यांनी मला फोटो पाठवला, मी तो ह्यांच्यापुढे धरला.

"खराब हवामान?" हे हसले. "त्या दिवशी दोन्हीकडे लख्ख ऊन होतं. थाप मारायची तर नीट मारावी माणसाने. हे पत्रही हिनेच कुणाकडून तरी करून घेतलं असणार."

थाप होतीच. मारली होती कंपनीने, चार पैसे वाचवायला, आणि बसली ताईंच्या माथी.

मग त्या ग्राहकांच्या तक्रार मंचाकडे गेल्या. दर तारखेला अर्ध्या दिवसाचा पगार कापला जायचा. हवामान चाललं नाही तेव्हा कंपनीने यंत्रातला बिघाड काढला, तोही टिकेना तेव्हा कंपनीचा वकील ताईंना जिन्यात गाठून म्हणाला, "बाई, महिन्याच्या पगाराएवढे घ्या आणि मिटवा. फक्त सही करा, की कंपनीची काही चूक नाही आणि तुम्ही कुठे वाच्यता करणार नाही."

"वाच्यता करायलाच तर चाललंय हे सगळं," ताई म्हणाल्या आणि जिना उतरल्या. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

दीड वर्षाने निकाल लागला. तो घेऊन त्या स्वतः आल्या, बसने. कागद ह्यांच्यापुढे ठेवला. त्या तारखेचं विमान वैमानिक नसल्यामुळे रद्द झालं, कंपनीने ते लपवलं आणि प्रवाशांना दिवसभर ताटकळत ठेवलं, कंपनीने भरपाई द्यावी. खाली सही-शिक्का. ह्यांनी वाचला. चष्मा पुसून परत वाचला.

"म्हणजे पैसे मिळाले तर," हे म्हणाले. "चला, बाप अगदीच फुकट नाही गेला."

मला त्या क्षणी माझ्या नवऱ्याची किळस आली. सरळ सांगते.

ताई मात्र चिडल्या नाहीत. "पैसे तू घे हवे तर, दादा. मला एकच सांग. बाबांनी त्या दिवशी मला विचारलं होतं का?"

एवढंच विचारायचं होतं त्यांना. खोटारड्या ठरल्या होत्या तोवर कुठल्या तोंडाने विचारणार होत्या?

"नाही," हे म्हणाले. "शुद्धीतच नव्हते ते."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा कागद ह्यांना का पचत नाही ते कळलं. कागद खरा असेल, तर मरणाऱ्या बापाला खोटं ह्यांनी सांगितलं होतं.

"विचारलं होतं," मी म्हणाले. "सारखे विचारत होते. दिवसभर दाराकडे डोळे लावून होते."

ताईंचा चेहरा एकदम फुलला. लहान मुलीसारख्या त्या खुर्चीच्या टोकाला सरकल्या. डोळ्यांत पाणी, आणि हसत होत्या. "खरंच? मग तुम्ही सांगितलंत ना त्यांना? मी निघालेय, विमानाने अडवलंय म्हणून? दादा, सांगितलंस ना?"

हे कागदाची घडी घालायला लागले. घडीवर घडी.

ताईंनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ताई निघाल्यात हे मी सकाळी सांगितलं होतं, पण सासऱ्यांनी शेवटचं ऐकलं ते ह्यांचं, ते कसं सांगणार? मी पाण्याचा पेला उचलला आणि परत खाली ठेवला. त्यांनी उठून पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी जाऊन चपला घातल्या. ह्यांनी घडी केलेला कागद पुढे केला.

"राहू दे इथेच," त्या म्हणाल्या. "ज्यांना दाखवायचा होता ते गेले."