कुलूप लावलेले ससे

माणसाने पहिलं कुंपण घातलं आणि तिथून संस्कृती सुरू झाली, असं मी अनेक जाडजूड पुस्तकांत वाचलं आहे. आमच्या कुंपणात दोन ससे होते. संस्कृतीबद्दल त्यांना फारशी आस्था नव्हती. त्यांना मुळ्याचा पाला हवा असे.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. गिरगावातली चाळ सोडून आम्ही वाशीला तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. स्वयंपाकघराच्या मागे भरावाच्या मातीची एक पट्टी आमच्या वाट्याला आली होती. तिला सगळे बाग म्हणत. तीत काहीच उगवत नव्हतं, हा भाग वेगळा.

ससे तळोज्याहून आले. नवऱ्याच्या ओळखीच्या एका फोरमनकडे ते भराभर वाढले होते आणि येईल त्याच्या हातात तो एक जोडी देत होता. आमची मुलगी आठ वर्षांची होती. तिने दोन्ही ससे छातीशी धरले तेव्हाच निर्णय झाला. पुढची चर्चा केवळ रीत म्हणून. सासूबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं, "माझे देव आत आहेत. ससे बाहेर." घर दोन खोल्यांचं असल्यामुळे या धोरणाला विरोध झाला नाही.

बाहेर म्हटल्यावर एकच प्रश्न होता. मागच्या गटाराच्या कडेने एक मुंगूस हिंडत असे. शेजारच्या इमारतीतल्या एका घराने हौसेने पाळलेली कोंबडीची पिल्लं त्याने दोन दिवसांत संपवली होती आणि मुलीने ती पिसं पाहिली होती.

"आई, ते सशांना पण खाईल?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. "आपण खाऊ देणार नाही," असं म्हणून मी वेळ मारून नेली.

नवरा तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्याने कागदावर आराखडा काढला, त्याला क्रमांक दिला आणि दोन रविवार खर्ची घालून पिंजरा उभा केला. लोखंडी अँगल, तारेची जाळी, वर पत्रा, दाराला कडी, कडीला कोयंडा आणि कोयंड्यात पितळी कुलूप. तळाला काही नव्हतं. सशांना मातीची सवय असते, असं त्याचं शास्त्रीय मत होतं. मीही मान डोलावली. आम्ही चाळीतली माणसं. धोका म्हणजे चोर आणि चोर दारातून येतो, एवढंच आम्हाला माहीत. कुलूप तर मी स्वतः दोनदा ओढून पाहिलं.

सोसायटीचे चेअरमन मंत्रालयातून निवृत्त झाले होते आणि उद्घाटनाविना त्यांची तब्येत बिघडत असे. त्यांनी स्वतःच रविवार ठरवला. मुलीची केसांची लाल रिबीन दाराला बांधली, नारळ फोडला आणि ते बोलायला उभे राहिले. "आज या वसाहतीने निसर्गाकडे मैत्रीचा हात पुढे केला आहे," ते म्हणाले. निसर्ग त्या वेळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात माती उकरत होता.

भाषण 'भावी पिढी'पर्यंत पोचलं तेव्हा जाळीच्या बाहेर जमिनीतून दोन कान वर आले. मग ससा आला. तो चेअरमनसाहेबांच्या चपलांपाशी बसून अंग झटकू लागला.

"साहेब, ससा!" नवरा ओरडला.

"होय, ससा!" साहेब आणखी जोरात म्हणाले. "हा निष्पाप जीव..."

पुढची पंधरा मिनिटं सोसायटीची सन्माननीय मंडळी रांगत होती. शेवटी सासूबाईंनी पदराची झोळी करून ससा पकडला आणि मुलीच्या हातात दिला. "सोवळ्यात होते मी," एवढंच त्या म्हणाल्या. कुलूप जागच्या जागी शाबूत होतं.

हे सगळं कुंपणापलीकडून भाजीवाली बघत होती. ती जवळच्याच गावातली; टोपली डोक्यावर घेऊन रोज यायची. टोपली खाली ठेवून ती आधी पोटभर हसली.

"ताई, कुलूप कोनासाठी? मुंगसासाठी? तो काय चावी शोधत येनार हाय?"

"मग काय करायचं, मावशी?"

"ज्या भोकातनं ससा भायेर आला, त्याच भोकातनं तो आत जाल. आमी कोंबड्यांना खालून जाळी घालतो. आनि भायेर पन दीड हात पसरतो. तो उकरनार भिंतीच्या बुडाशी, मागं सरून उकरायची अक्कल नाय त्याला." मग आत येऊन तिने उन्हात तापलेल्या पत्र्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "आनि हा तवा कशाला ठेवलाय वर? सशांच्या भाकऱ्या करनार हाव?"

नवऱ्याने आपला कागद हळूच खिशात घातला.

त्याच दिवशी आम्ही पिंजरा आडवा केला. तळाला जाळी ठोकली, चारी बाजूंनी बाहेर दीड हात जाळी जमिनीवर पसरली, तिच्यावर विटा आणि माती घातली. पत्र्यावर गोणपाट टाकलं. ते दिवसातून तीनदा भिजवायचं काम मुलीने मागून घेतलं. सासूबाईंनी आंब्याची रिकामी पेटी दिली. तिला एक भोक पाडून ती आत ठेवली. "घाबरल्यावर तोंड लपवायला जागा नको?" त्या म्हणाल्या. सशांविषयी आमच्या घरात आलेलं हे पहिलं समंजस वाक्य.

चार दिवसांनी, सकाळी चहाच्या वेळी, मुंगूस आलं. ससे पेटीत घुसले आणि आतून पाय आपटल्याचे धप् धप् आवाज येऊ लागले. नवरा काठी घेऊन निघाला. मुलीने त्याचा हात धरला. "थांबा ना बाबा. जाळी बघू दे." आम्ही चौघं खिडकीत उभे राहिलो. सासूबाईंचा जप सुरू झाला.

मुंगसाने पिंजऱ्याला एक फेरी घातली. दाराकडे पाहिलंदेखील नाही. उद्घाटनाच्या दिवशी ससा निघाला होता तोच कोपरा त्याने नेमका निवडला, भिंतीच्या बुडाशी विटांच्या फटीत माती उडवली आणि त्याची नखं तारेवर वाजली. दुसरा कोपरा. तार. तिसरा. तार. मुलीची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. चौथ्या कोपऱ्यातही तार लागली तेव्हा त्याने मान वर करून आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि ते गटाराकडे चालू लागलं.

आमच्या स्वयंपाकघरात असा जल्लोष पूर्वी झालेला नव्हता आणि नंतरही झाला नाही. मुलगी ओट्यावर चढून नाचली आणि तिला कोणी खाली उतरवलं नाही. नवऱ्याने काठी भाल्यासारखी उंच धरली. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पुढे कैक महिने आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला आधी पिंजरा दाखवला जाई आणि मग पाणी विचारलं जाई. नवरा त्या सकाळला 'वेढा' म्हणे आणि दर खेपेला तो वेढा थोडा लांबे.

मी घड्याळ पाहिलं होतं. वेढा चार मिनिटं चालला. त्यातलं एक मिनिट मुंगूस कान खाजवत होतं.