मेहुण्याचा कापूस आणि माझी विलायती गाडी

जुनी विलायती मोटरसायकल बाळगणं आणि म्हातारा सासरा बाळगणं यात फारसा फरक नाही. दोघांनाही सकाळी उठवायला वेळ लागतो, दोघांचंही काही ना काही गळत असतं, आणि दोघांविषयी घरात वाईट बोललेलं चालत नाही. फरक एवढाच, की सासरा मला लग्नात आपोआप मिळाला. गाडी मी शुद्धीवर असताना विकत घेतली.

साडेतीनशे सीसीची, वयानं माझ्याहून मोठी. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. त्यामुळे ती उसनी मागणारा माणूस दुसऱ्यांदा मागत नसे. तिच्या नटांना आमच्याकडचे पाने बसत नाहीत. एक पाना सैल होतो, त्याच्या खालच्या मापाचा जातच नाही. किक मारताना ती उलटा झटका देते आणि मग आपण चार दिवस लंगडत ऑफिसला जातो. पण पुसद रोडला लागून ती एकदा लयीत आली, की रस्त्याकडेच्या म्हशीसुद्धा मान वळवून पाहतात. एरवी माझ्याकडे कुणी मान वळवून पाहत नाही. मी हिशेब तपासणारा माणूस. मला पाहून लोक मान खाली घालतात.

दिग्रसच्या घरात पुढची दहा बाय बाराची खोली गाडीची होती. कापसाच्या वाईट वर्षांपैकी एका वर्षी तिला भाडेकरू आला.

त्या वर्षांत खरेदी केंद्रं उशिरा उघडत, व्यापारी पाडून मागत, आणि ज्याला थांबणं जमे तो थांबे. थांबायचं म्हणजे कापूस घरात भरायचा. मेहुण्याचं गावातलं घर भरलं, तेव्हा तो उरलेला कापूस ट्रॉलीत घालून आमच्या दारात उभा राहिला.

“भाऊजी, आठ-पंधरा दिवसांची गोष्ट हाय.”

“आणि गाडी?”

“थंडीचे दिवस हायेत. तिले रजई होते.”

मी खोलीचं माप सांगू लागलो, तर बायको म्हणाली, “माह्या भावाच्या कापसाले जागा नाही, अन् ह्या लोखंडाले स्वतंत्र खोली?”

माप तिथेच संपलं.

मी काळजी घेतली. टाकीतलं पेट्रोल थेंबन् थेंब काढलं, बॅटरी काढली, मेहुण्याला त्या खोलीच्या आसपास बिडी बंद केली. इंजिनाखाली तेलासाठी अॅल्युमिनियमचं एक जुनं ताट सरकवलं. मग कापूस भरला गेला. आधी चाकं गेली, मग सीट, शेवटी हँडल. छतापर्यंत पांढरं झालं आणि दार ढकलून लावावं लागलं.

आठ-पंधरा दिवस सरले. भाव हलेना. मेहुणा शांत होता. बेचैन मी होतो. गाडी सुटायची तर कापूस विकायला हवा, म्हणून यवतमाळचा भाव, पांढरकवड्याचा भाव, सगळं मी विचारत फिरू लागलो. एकदा मेहुणा म्हणाला, “भाऊजी, तुमच्या नावानं सातबारा करून टाकू काय?”

मग दोनेक महिन्यांनी एका दुपारी मी जेवायला बसलो होतो. बायकोनं कढी वाढली. कढी ताटाच्या काठाला लागली आणि मी ओरडलो, “पुरे!”

“एक पळी तर वाढली.”

मला कढी दिसतच नव्हती. माझ्या गाडीचं तेल इंजिनाशेजारी वेगळ्या टाकीत असतं. गाडी चालती असली की ते फिरतं. महिनोन्‌महिने उभी राहिली की हळूहळू इंजिनात उतरतं आणि तिथून वाट सापडेल तिकडून बाहेर येतं. टाकी दोन लिटरची. ताट अर्ध्या लिटरचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वजाबाक्या तपासणाऱ्या माणसाला ही एक वजाबाकी सुचली नव्हती.

मी बायकोला सांगितलं. तिनं पळी खाली ठेवली. “केंद्रावर एक मूठ काळी निघाली तर सारी ट्रॉली वापस पाठवतात, माहीत हाय ना? वर्षाचं पीक हाय त्याचं. आपल्या भरवशावर ठेवलं त्यानं.” पुढे तिनं गाडीविषयी एक शब्द वापरला, तो इथे लिहीत नाही.

मेहुणा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. अंगणात चादरी अंथरून आम्ही कापूस उपसू लागलो. अंगभर खाज, नाकात तंतू. गाडीपर्यंत पोचलो तर इंजिनाभोवतीचा कापूस काळा, ओला, कावळ्याच्या पिलांसारखा चिकटलेला.

“बाई, पाह्य,” मेहुणा बहिणीला म्हणाला, “गाडी बाळंत झाली.”

बायको हसली नाही.

काळा भाग दोन टोपल्या भरेल एवढा होता. मेहुण्याचं म्हणणं, ट्रॉलीच्या मधोमध दाबून द्यावा. “वजनात जाते. कोन पाह्यते?”

“मी पाहतो,” मी म्हणालो. माझा धंदाच तो. “तेल माझं आहे. ते तुझ्या नावावर विकायचं नाही.”

“अन् धरल्या गेलं तर?” बायकोनं त्याला विचारलं. त्यानं टोपली तिच्यापुढे सरकवली.

ती स्वतः ढिगाशी बसली आणि डाग लागलेला पुंजका न् पुंजका वेगळा काढू लागली. मी मदतीला गेलो तर तिनं माझे हात पाहिले. “तुम्ही फक्त काळ्याले हात लावा.”

केंद्र त्याच आठवड्यात उघडलं होतं. कापूस बाहेर निघालाच होता, तो पुन्हा आत भरण्याची ताकद कुणातच नव्हती. ट्रॉली भरली आणि मी मागे बसून गेलो.

केंद्रावर कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घातला. एकदा, मग दुसऱ्या बाजूनं, मग मधोमध. मधोमध घातला तेव्हा मेहुण्यानं माझा दंड धरला. ग्रेडरनं मूठ उघडली, वळवून पाहिली. पांढरी होती. मग त्याची नजर माझ्या हातांवर गेली.

“हे कोण?”

“मेकॅनिक हायेत,” मेहुणा म्हणाला. “ट्रॅक्टरचे.”

प्रश्न मला नव्हता, म्हणून मी उत्तर दिलं नाही. ट्रॉली काट्यावर गेली.

घरी आल्यावर मेहुण्यानं हे सगळं बहिणीला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती हसली, पदर तोंडाला लावून, बराच वेळ. मग मी आणि मेहुण्यानं कापसाबरोबर अंगणात काढलेली गाडी ढकलत दारापर्यंत आणली. बायको उंबऱ्यावर उभी राहिली.

“कुठं?”

“आत,” मी म्हणालो.

“खोली आत्ताच धुतली मी.”

“मग ठेवायची कुठे?”

“मेकॅनिकले माहीत असन न.”