चार वाजून दहा मिनिटांचा धक्का

भूकंप तपासणाऱ्या साहेबांचा अहवाल अजून पुण्यात आहे, तोवर हे कुणाला सांगायचं नाही, असं आप्पांनी बजावलंय. पण भूकंपघरातले किस्से तिथल्या कपाटातल्या काळ्या कागदांसारखे साठतात. एक ओढला की चार खाली पडतात!

माझे वडील, म्हणजे आप्पा, कोयनेच्या कॉलनीत भूकंपयंत्र सांभाळतात. फिरत्या डब्यावर काजळी धरलेला कागद असतो, त्यावर बारीक सुई. जमीन हलली की काळ्यावर पांढरी रेघ हलते. रोज चारला कागद बदलायचा. तो एकदा तरी मला लावायचा होता. दोन वर्षं वाट पाहिली, पण तोंडाने मागितला नाही.

मे महिन्यात आष्ट्याहून चुलतबहीण सुनंदा आली. आल्या दिवशीच म्हणाली, "काका, कागद मी लावू?"

"लाव की!"

झालं!

*

काजळी धरताना सुनंदाच्या नाकाखाली मिशी उमटली. "सुभेदार आलं बगा!" म्हणून आप्पा पोट धरून हसले.

मला उमटली असती तर म्हणाले असते, "जा, तोंड धू."

*

मग पुण्याहून साहेब आले. धक्का बसला की ते गावोगाव फिरून विचारायचे, भांडी वाजली का, भिंतीला चीर पडली का. बोलकी म्हणून सुनंदाला बरोबर घेतलं. मला फक्त उत्तरं लिहायला!

एका म्हातारीला साहेबांनी विचारलं, "काल भांडी वाजली का?"

"आवं साहेब, सून आल्यापास्नं रोजच वाजत्यात. त्यातली भूकंपाची कंची, कसं सांगू?"

मी ते शब्दन् शब्द लिहिलं. कॉलनीत सांगून हशा मात्र सुनंदाने घेतला.

*

शेजारचे निवृत्त सुभेदार एकदा साहेबांना म्हणाले, "धरणाच्या पाण्यानं भुई हालती, हे खरं का?"

"अजून नक्की सांगता येत नाही."

"इतकी वर्सं कागद काळं करताय, आन म्हाईत न्हाई?"

"माहीत असतं तर कशाला काळे केले असते!"

सगळे हसले. तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "साहेब, धक्के पाणी चढताना जास्त बसतात की उतरताना?"

"शाब्बास! खरा प्रश्न हाच!"

प्रश्न माझा होता! माझ्या वहीतला. आदल्या दिवशी कपडे वाळत घालताना मीच तिला सांगितला होता.

*

दुसऱ्या दिवशी तिने कागद लावला. चार वाजून दहा मिनिटांनी मी भूकंपघराच्या मागच्या भिंतीशी गेले आणि जोरात तीन उड्या मारल्या. सुनंदाला कागद लावता येत नाही असं ठरावं, एवढंच मनात होतं. असं सलग चार दिवस केलं.

पाचव्या दिवशी साहेब कागदांवर भिंग धरून ओरडले, "रोज एकाच वेळेला! हे आधी कुणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या!" सुनंदा म्हणाली.

आप्पा चाचरत म्हणाले, "साहेब, कुनाची तरी पावलं असतील."

"पावलं रोज घड्याळ बघून पडतात होय?"

माझी पडत होती.

*

साहेबांनी मुक्काम वाढवला. म्हणाले, "आज फाटकाला कुलूप लावा, सगळे आत थांबा. धक्का आला नाही तर आधीच्या नोंदी चुकीच्या समजू. मग उद्यापासून शालन लावेल."

शालन म्हणजे मी. मला फक्त गप्प उभं राहायचं होतं! ते तर मला जन्मापासून येतं.

चार वाजून दहा मिनिटं झाली आणि सुई हलली. एकदा, दोनदा, तीनदा.

साहेब खुर्चीतून उठलेच. आप्पांनी घड्याळ कानाला लावलं. सुनंदाचं मात्र कागदाकडे लक्षच नव्हतं. ती माझ्या पायांकडे बघत होती. म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं!

माझ्या कानाशी येऊन ती म्हणाली, "शाले, तू तर हितं हायस. मग भाईर कोन उड्या मारतंय?"

मी खिडकीतून पाहिलं. फाटकाला कुलूप तसंच होतं, आणि भिंतीमागे...

"शालन! चार वाजलं. सुनंदा न्हाई आता, कागद लावायला येतीस न्हवं?"

आले आप्पा, वहीतलं एवढं वाक्य पुरं करून